रोग, जंतू, प्रसार, उपाय: एका तक्त्याची पन्नास वर्षं

१९७५ साली महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली तुकडी बोर्डाच्या परीक्षेला बसली. त्याच वर्षी मे महिन्यात आसामात करीमगंजला देवीचा देशातला शेवटचा रुग्ण सापडला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण शाळेत आरोग्य आणि रोग कसे शिकवले गेले, हे मागे वळून बघायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. रोग देशातून गेला, तरी वह्या-गाईडांमधल्या तक्त्यात त्याचा मुक्काम होताच.

तो तक्ता आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने पट्टीने आखलाय. रोगाचं नाव, रोगकारक, प्रसार, लक्षणं, प्रतिबंधक उपाय असे पाच रकाने. खाली ओळीने देवी, पटकी, विषमज्वर, कावीळ, क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिवताप, हत्तीरोग, नारू. 'जोड्या लावा'ला हा तक्ता इतका सोयीचा की विज्ञानात कच्चा असलेला मुलगाही त्यावर चार गुण काढायचा. मी पुढे हायस्कूलवर विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा मीही तोच फळ्यावर आखला. त्यात जंतू होता, डास होता, दूषित पाणी होतं. हे सगळं ज्यात घडतं ते शरीर मात्र कुठल्याच रकान्यात नव्हतं.

देवीचं उदाहरण घेऊ. गावात देवी डॉक्टर यायचा, दोन टोकांच्या सुईने दंडावर भराभर टोचायचा, आणि जखमेची खपली पडली की आयुष्यभराचा वण राहायचा. रोगी कळवणाऱ्याला इनाम अशा जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या असत. इनामाची रक्कम वाढत वाढत शेवटी हजार रुपयांवर गेली होती. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. धड्यात मात्र असायचा तो लस शोधणारा जेन्नर, त्याची गवळण आणि त्याने टोचलेला जेम्स फिप्स. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातलं ते पहिलं यशस्वी लसीकरण. व्हिएन्नाहून बगदाद, बसऱ्यामार्गे आलेली लस तिच्या दंडावर रुजली आणि तिथून दंडादंडावरून पुढे पुण्याला, सुरतेला, हैदराबादला गेली. इतकी घरची गोष्ट असताना आम्ही इंग्लंडातली गवळण घोकत बसलो. आणि एकदा टोचल्यावर शरीर तो रोग वर्षानुवर्षं लक्षात कसं ठेवतं, हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही. आम्हीही काढला नाही.

हिवतापाची गंमत वेगळी. ॲनॉफिलीस डास बसताना शेपूट वर करतो, क्यूलेक्स भिंतीला समांतर बसतो. ही आकृती काढली नाही असा विद्यार्थी विरळा. उपायात 'डबकी बुजवावीत, डीडीटी फवारावे' हे ठरलेलं. १९६५च्या सुमारास देशातले हिवतापाचे रुग्ण लाखभरावर आले होते, तेव्हा हे उत्तर शोभूनही दिसत होतं. १९७६ साली आकडा चौसष्ट लाखांवर गेला. डास डीडीटीला सरावले होते आणि मोहीमही सैलावली होती, पण तक्त्यातलं उत्तर हललं नाही. पुढे डेंग्यू आला तेव्हा तर मुलांनी डबक्याचंच उत्तर त्यालाही चिकटवलं. डेंग्यूचा एडिस डास वाढतो घरातल्या स्वच्छ पाण्यात, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या टायरात, आणि चावतो दिवसा.

नारूबद्दल थोडक्यात. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी, त्यातला सायक्लॉप्स, आणि वर्षभराने पायातून निघणारी हातभर लांब कृमी. ती तुटू न देता काडीवर रोज थोडी थोडी गुंडाळायची. हे ऐकताना वर्ग शहारायचा. याला लस नव्हती, औषधही नव्हतं. दुहेरी फडक्याने गाळलेलं पाणी आणि हातपंप एवढ्यावर १९९६ साली देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. तक्त्यातला उपायाचा रकाना इतका नेमका खरा ठरल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

क्षयाचं नेमकं उलट. 'उपाय: बीसीजी लस' हे उत्तर कित्येक वर्षं पूर्ण गुण मिळवत राहिलं. तिकडे तमिळनाडूत चिंगलपेटला १९६८ पासून लाखो लोकांवर या लसीची चाचणी चालू होती, आणि मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ती रोखत नाही, असा निष्कर्ष १९७९च्या सुमारास हाती आला. तान्ह्या मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या जीवघेण्या प्रकारांपासून ती वाचवते, म्हणून ती आजही देतात आणि दिलीच पाहिजे. पण लस एकच, रोग एकच, तरी बाळाच्या आणि बापाच्या शरीराचा प्रतिसाद वेगळा, ही बारावीच्या वर्गातसुद्धा तासभर बोलण्याजोगी गोष्ट एका ओळीत संपायची.

१९७८ पासून आणि विशेषतः १९८५ नंतर लसीकरणाचा व्याप वाढला. त्रिगुणी लशीने घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात मुलांच्या अनुभवातून जवळजवळ पुसले. ज्या मुलाने घटसर्पाचं नावही घरी ऐकलं नव्हतं, तो घशातला पांढुरका पडदा परीक्षेत लिहायचा. पोलिओत तर आम्हीच कामाला लागलो. १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी शिक्षक बूथवर असत: बर्फाचा डबा, दोन थेंब, डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण, संध्याकाळी आकडे जुळवणं. सुट्टी गेल्याची कुरकुर सगळेच करत. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २०१४ साली प्रमाणपत्र मिळालं. तेव्हा शिक्षकांच्या खोलीत चहा झाला.

प्लेग आमच्याकडे विज्ञानात फारसा नव्हताच, इतिहासात होता. १८९७, पुणे, रँड, चापेकर बंधू. परळच्या संस्थेला ज्याचं नाव आहे त्या हाफकिनने मुंबईत प्लेगची लस बनवून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना प्लेगने गेल्या. या दोन गोष्टी एकाच तासात सांगायला काय हरकत होती? १९९४च्या पावसाळ्यात बीडच्या मामला गावी आणि पाठोपाठ सुरतेत प्लेग आला, टेट्रासायक्लीन दुकानांतून दिसेनासं झालं, आणि आम्ही पिसू आणि उंदीर घाईघाईने फळ्यावर आणले.

तक्त्याची खरी पंचाईत केली ती एड्सने. १९८६ साली चेन्नईत पहिली निदानं झाली आणि काही वर्षांत महाराष्ट्र सर्वाधिक बाधित राज्यांमध्ये गणला जाऊ लागला. त्यामुळे धड्यात तो घ्यावाच लागला. 'प्रसार' या रकान्यात काय लिहायचं हे माहीत असूनही अनेक शिक्षक तिथे अडखळत. त्यावर सोपी वाट निघाली: एड्स कसा पसरत नाही ते शिकवायचं. हस्तांदोलनाने नाही, डास चावल्याने नाही, एकत्र जेवल्याने नाही. मुलं हे बिनचूक सांगत आणि एकमेकांकडे बघून हसत. २००७ साली राज्य सरकारने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली आणि अडखळणाऱ्यांना सरकारी आधार मिळाला.

याच एड्समुळे शाळेत एक चांगली गोष्टही घडली. या रोगात विषाणू माणसाला थेट मारत नाही. तो मदतनीस टी पेशी संपवतो आणि मग क्षयासारखा जुना रोग येऊन माणूस नेतो. हे सांगायचं तर टी पेशी म्हणजे काय हे सांगणं भाग होतं. तोवर 'पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक' यावर सगळं भागायचं. आता बी पेशी प्रतिपिंडं बनवतात, टी पेशी हुकूम देतात आणि बाधित पेशी मारतात, काही पेशी आठवण ठेवून मागे राहतात, असं हळूहळू बारावीच्या पुस्तकापर्यंत उतरलं. सैनिकांची उपमा मला तेव्हाही खटकायची. सैनिकाला शत्रू ओळखता येतो असं आपण गृहीत धरतो. रोगप्रतिकारशक्तीचा सगळा अवघड भाग ओळखण्यातच आहे.

२००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने एका शाळकरी मुलीचा बळी घेतला, तो देशातला या रोगाचा पहिला मृत्यू, आणि शाळा बंद झाल्या. २०१८ साली गोवर-रुबेला मोहीम थेट शाळांत आली तेव्हा पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत लशीबद्दल नको ते फिरत होतं. त्या पालकांतले बरेच आमचेच माजी विद्यार्थी. तक्ता त्यांचा पाठ होता.

मग २०२०. अँटीबॉडी, आरटी-पीसीआर, व्हेरियंट हे शब्द स्वयंपाकघरात गेले. पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत विषाणू वेगळा काढला गेला, त्यावरून कोव्हॅक्सिन बनली. कोव्हिशिल्ड पुण्यातच तयार झाली. दुसरीकडे काढे, गोळ्या, इम्युनिटी वाढवणारी बिस्किटं. ती वाढवून हवी आहे का, हे कोणी विचारलं नाही. कारण प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी, हेच आम्ही पन्नास वर्षं न बोलता शिकवलं होतं. ॲलर्जी, संधिवाताचा एक प्रकार, कोविडच्या काही रुग्णांत दुसऱ्या आठवड्यात उसळलेला दाह, हे सगळे या शक्तीचेच अतिरेक. मधुमेह आणि हृदयविकार दरम्यान धड्यात आलेच होते, 'रोगकारक' हा रकाना मोकळा ठेवून.

२०२२ साली मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली. गोवराला आपल्याकडे अजूनही अंगावरचं पुरळ समजतात. तो विषाणू आठवण ठेवणाऱ्या पेशींनाच बाधतो, त्यामुळे मूल बरं झालं तरी आधीच्या रोगांविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्ती काही अंशी गमावून बसतं. त्याच्या लशीने हे होत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. संशय दूषित पाण्यावर गेला, काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी पायांतली ताकद जायची आणि लुळेपणा वर चढायचा. या जिवाणूच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे असतात. जिवाणूसाठी बनलेली प्रतिपिंडं मज्जातंतूंवरच जातात. एका विद्यार्थिनीने त्या आठवड्यात हा आजार तक्त्यात भरायला घेतला. प्रसार: दूषित पाणी, असं तिने लिहिलं आणि खोडलं, कारण जिवाणू पाण्यातून येतो, पण हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. रोगकारकापाशी ती जेजुनी आणि प्रतिपिंडं यांत अडली. मी दोन्ही लिहायला सांगितलं. उपायाच्या रकान्यात इम्युनोग्लोब्युलिन आलं, म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून गोळा केलेली प्रतिपिंडंच.