लाडी क्वाली यांचे घट

आपल्याकडे कुंभाराचें चाक फिरतें. नायजेरियांतील क्वाली गांवीं घट स्थिर राही आणि कुंभारीणच त्याच्याभोंवतीं फिरे. मातीच्या वळ्या रचून पाण्याचे घट घडविण्याची ही विद्या लाडी क्वाली यांनीं लहानपणींच आत्मसात केली. १९५४ मध्यें त्या मायकेल कार्ड्यू यांच्या अबुजा, म्हणजे आजच्या सुलेजा, येथील केंद्रांत दाखल झाल्या. तेथें त्यांचे सरडे-विंचू कोरलेले घट झिलई देऊन १,२०० अंशांहून अधिक उष्णतेंत भाजले जात. अशा आंचेंत माती पाषाणासारखी घट्ट होते; हेंच ‘स्टोनवेअर’. परंतु त्यांतून पाणी पाझरत नाहीं, म्हणून तें गारहि होत नाहीं. माठाचा मूळ गुण असा लोपला. १९५८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत हे घट कलाकृति म्हणून मांडले गेले. उपयोग सुटला, हाताचें वळण मात्र क्वालीचेंच राहिलें.