बांगड्याची प्रकाशपरीक्षा

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर सकाळी रापणीत सापडलेला बांगडा दुपारी ताटात असतो. मासळीतील रोगजंतूंची रूढ तपासणी मात्र, नमुना पोषक द्रावात वाढवून त्यातील जीवाणूंच्या वसाहतींची ओळख पटेपर्यंत, दोन ते चार दिवस घेते. ओसाका येथे १९५० साली अर्धवट सुकवलेल्या बारीक मासळीमुळे २७२ जणांना विषबाधा होऊन २० जण दगावले, तेव्हा त्सुनेसाबुरो फुजिनो यांना त्यामागचा जीवाणू सापडला. ‘व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस’ नावाचा हा जीवाणू खाऱ्या पाण्यात, म्हणून कालवे आणि तिसऱ्यांतही, आढळतो आणि उबेत झपाट्याने वाढतो.

हा उशीर कमी करण्याची एक वाट २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात लागलेल्या शोधातून निघते. पदार्थावर पडून विखुरणाऱ्या प्रकाशातील अत्यल्प भागाची तरंगलांबी रेणूंच्या कंपनांमुळे बदलते, हा रामन परिणाम होय. या बदलांच्या आलेखावरून, म्हणजे वर्णपटावरून, रेणू ओळखता येतो. पाण्याचा रामन संकेत क्षीण असल्याने ओल्या मासळीसाठी ही पद्धत विशेष सोयीची आहे. मूळ संकेतही दुबळाच असतो, पण १९७४ साली साउदॅम्प्टन येथे खडबडीत चांदीवर तो आश्चर्यकारकरीत्या तीव्र झालेला दिसला आणि पुढे ही वाढ लाखो पटींची असल्याचे स्पष्ट झाले.

तरीही ‘काही मिनिटांत निदान’ हा दावा जपूनच वाचावा, कारण ती मिनिटे शेवटच्या मोजणीची असतात. मोजके जीवाणू मासळीच्या प्रथिने-मेदांच्या संकेतांत हरवतात; म्हणून प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या चुंबकीय कणांनी ते आधी वेचावे लागतात, आणि पुष्कळदा काही तास वाढवावेही लागतात.

सिंधुदुर्गासाठी हिस्टामिनची तपासणी अधिक निकडीची आहे. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात काही जीवाणू हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून हे रसायन बनवतात. नीट शिजवल्याने व्हिब्रिओ मरतो, हिस्टामिन मात्र तिखल्याच्या उकळीतही टिकते, आणि अंग लाल होणे, खाज, डोकेदुखी ही लक्षणे ‘मासळीची ॲलर्जी’ म्हणून सोडून दिली जातात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतील त्याची सुरक्षा-मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. इतके रसायन चांदीच्या सूक्ष्मकणांवर वर्णपटाने हेरणे विरळ जीवाणू शोधण्याहून सोपे असल्याने, जेट्टीवर नेता येणाऱ्या यंत्राचा पहिला उपयोग इथेच व्हायला हवा. मात्र हिस्टामिन माशागणिक, किंबहुना एकाच माशाच्या निरनिराळ्या भागांतही, कमी-अधिक असते, त्यामुळे एका बांगड्यावरून सबंध टोपलीचा निवाडा करता येत नाही.