वैनगंगेची रेती आणि भुताची गोष्ट

'तुंबाड' पाहिलेल्या माणसाला त्यातली भुकेली म्हातारी विसरता येत नाही. वाडा, पाऊस, चिखल सगळं तिकडचं, पश्चिम महाराष्ट्रातलं. पण त्या सिनेमाचं बी आमच्या बाजूच्या जंगलात पडलं, हे भंडाऱ्यातही फार लोकांना ठाऊक नाही. १९९३ मध्ये दिग्दर्शक राही अनिल बर्वे नागझिऱ्याला मुक्कामाला असताना एका मित्रानं त्यांना भयकथालेखक नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि ते घाबरले. गोंदिया जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. नागझिरा भंडारा जिल्ह्यातच होतं. तिथल्या विश्रामगृहांत वीज नसे. कंदिलाच्या उजेडात, चारी बाजूंना रान असताना ऐकलेली कथा पडद्यावर यायला २०१८ चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात बर्वेंनी अख्खा सिनेमा कागदावर काढला होता. सातशे पानांचा स्टोरीबोर्ड!

मी कारध्याचा. भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडली की आमचं गाव लागतं. चित्रकला शिकवतो आणि मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवतो. त्यामुळे 'तुंबाड'मधलं सोनं आणि हस्तर राक्षस यांच्यापेक्षा मला त्या सातशे पानांचं जास्त आकर्षण वाटतं. गोष्ट ऐकून भ्यायलेल्या माणसाला ती चित्रांत बसवताना काय काय सोसावं लागलं असेल, याची थोडीफार कल्पना मला येते. शाळेतल्या मुलांबरोबर मी भयकथांवरून छोटे अ‍ॅनिमेशनपट करतो. पाच-सहा मिनिटांचे, मोबाईलवर टिपलेले.

भयकथा लिहिणाऱ्याला एक सोय असते. 'शब्दांत सांगता येणार नाही असं काहीतरी दारात उभं होतं' एवढं लिहून तो मोकळा होतो. पुढचं काम वाचक करतो, आणि ज्याला जे झोंबतं ते तो दारात उभं करतो. चित्रकाराची अशी सुटका नाही. दारात काय आहे ते त्याला काढावं लागतं आणि काढलं की भीती संपते. दात कितीही लांब केले तरी ते मोजता येतात. 'शाळा सुटल्यावर' नावाच्या मुलांनीच रचलेल्या गोष्टीत आम्ही भूत पडद्याबाहेर ठेवलं, तेव्हा सातवीतला एक पोरगा वैतागून म्हणाला, "सर, भूत तर दाखवलाच नाई ना जी!" मी त्याला म्हटलं, मग तू घाबरलास कशाला?

जगातल्या चांगल्या कलावंतांनी ही अडचण वेगवेगळ्या रीतींनी सोडवली आहे. एडगर अ‍ॅलन पो यांची 'द टेल-टेल हार्ट' ही १८४३ ची कथा. म्हाताऱ्याच्या निळसर डोळ्याचा धसका घेतलेला माणूस त्याचा खून करतो आणि मग त्याला फळ्यांखालून हृदयाचे ठोके ऐकू येऊ लागतात. अमेरिकेतल्या यूपीए स्टुडिओनं १९५३ मध्ये तिच्यावर आठेक मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट केला. दिग्दर्शक टेड पार्मली, चित्रं पॉल ज्युलियन यांची, आवाज जेम्स मेसन यांचा. खुनी माणूस आपल्याला धड दिसतच नाही. आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो; वाकडे जिने, फाटक्या सावल्या, आणि त्या आवाजातला 'मी वेडा नाही' असा आग्रह. ब्रिटनमध्ये 'फक्त प्रौढांसाठी' हे प्रमाणपत्र मिळालेलं हे पहिलं कार्टून. कार्टून म्हणजे पोरांचा खाऊ, असं म्हणणाऱ्यांना मी हा आधी दाखवतो.

चेक दिग्दर्शक यान श्वांकमायर यांनी तर १९८० मध्ये पोंचीच 'हाऊस ऑफ अशर' घेतली आणि त्यात एकही माणूस ठेवला नाही. कथा वाचणारा आवाज चालू राहतो आणि पडद्यावर नुसत्या भिंती, खुर्च्या, दगड, लिबलिबीत चिखल. माणसाचं दुःख चिखल सोसतो. पहिल्यांदा पाहताना कंटाळा येईल, हेही सांगून ठेवतो.

माझा जीव मात्र तिसऱ्याच फिल्ममध्ये अडकला आहे. कॅरोलिन लीफ या बाईंनी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी १९७७ मध्ये काफ्काच्या 'मेटामॉर्फोसिस'वर दहा मिनिटांची फिल्म केली. सकाळी उठल्यावर आपण किडा झालोय असं ग्रेगोर साम्साला कळतं, ती गोष्ट. हिला भयकथा म्हणा, न म्हणा. घरच्यांनी दार लावून घेण्याइतकं भयंकर भुतांच्या कथांत मी फारसं वाचलेलं नाही. आणि ही सगळी फिल्म रेतीत काढलेली आहे.

पद्धत सांगतो. एक काच आडवी ठेवायची, खालून दिवा लावायचा, वर कॅमेरा घट्ट बसवायचा. काचेवर बारीक कोरडी रेती पसरायची. थर जाड असेल तिथे काळोख, पातळ असेल तिथे करडं, बोटानं सारली तिथे उजेड. एक चित्र झालं की फोटो काढायचा, मग तेच चित्र बोटानं, कुंचल्यानं जरासं हलवायचं आणि पुन्हा फोटो. सिनेमात सेकंदाला २४ फोटो धावतात. प्रत्येक चित्र दोनदा वापरलं तरी सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० चित्रं लागतात. मागचं चित्र मोडल्याशिवाय पुढचं होत नाही, म्हणून चूक झाली तर परत जायला जागाच नसते. पण रेतीचा फायदाही तिथेच आहे. चेहरा सरकत सरकत खोली होतो, खोलीची भिंत किड्याची पाठ होते. कात्री न लावता एका दृश्यातून दुसरं निघतं. भयकथेत वाचकाला पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं, तसं इथे सगळं चित्रच सरकत असतं.

रेती म्हटलं की आमच्या जिल्ह्यात लोकांच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर, टिप्पर आणि लिलावाचे घाट येतात. वैनगंगेच्या रेतीनं कुठले कुठले बंगले उभे केले, ते वेगळंच भूत आहे. आम्हाला लागते ती ओंजळभर. नदीची रेती जाड असते, तिची कड फाटकी येते; म्हणून धुऊन, वाळवून मैद्याच्या चाळणीतून दोनदा काढायची. काम थंडीतच करायचं, कारण पंखा लावता येत नाही आणि भंडाऱ्याच्या मे महिन्यात पंख्याशिवाय बसणं म्हणजे दुसरी भयकथा. कुणी शिंकलं की आकाश उडून जातं. मुलांना या सक्तीच्या स्थिरपणाची मजा वाटते, हे मात्र मला अनपेक्षित होतं.

स्थिरपणावरून आठवलं. अ‍ॅनिमेशनात सगळंच हलू शकतं, म्हणून काही हललं तर प्रेक्षक दचकत नाही. खुर्ची चालली? चालू दे, कार्टूनच आहे. म्हणून आमचा पहिला नियम उलटा: हलवायचं नाही, थांबवायचं. पाणी भरणारी बाई, हलणारी फांदी, शेपटी उडवणारी गाय असं सगळं चालू असताना एकच आकृती अजिबात हलत नाही असं ठेवा. जिवंत माणसाची निदान पापणी लवते. ती लवली नाही की बघणाऱ्याच्या मानेवर काटा येतो, आणि त्यासाठी एकही जास्तीचं चित्र काढावं लागत नाही.

आवाज आधी, चित्र नंतर, हा आमचा दुसरा नियम. तो मी झाडीपट्टीत शिकलो. रात्रभर चालणाऱ्या नाटकात मागच्या रांगेतल्या माणसाला नटाचा चेहरा कुठे दिसतो? तो ऑर्गन, ढोलक आणि संवादांवर घाबरतो नि रडतो. गोष्ट सांगायला आम्ही गावातल्या बायाबाप्यांनाच बसवतो. मिनिटाला शे-सव्वाशे शब्द धरले तर सहा मिनिटांत साडेसातशेच्या वर शब्द मावत नाहीत, आणि मधल्या शांततेसाठी त्यातलेही निम्मे काढावे लागतात. वीस पानांच्या कथेतून काय ठेवायचं? माझ्या मते जे डोळ्यांना दिसतं ते चित्राकडे द्यावं आणि जे दिसत नाही तेवढंच आवाजाकडे ठेवावं. दोघं एकच गोष्ट सांगू लागले की फिल्म मेली.

आता कथा कोणाच्या घ्यायच्या? धारपांचा मोह सुटत नाही. त्यांनी स्वतःही रूपांतरं केली. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून 'लुचाई' आणली आणि ती इथल्या मातीत रुजवली. पण आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं कायद्याचा हक्क राहतो. धारप २००८ मध्ये गेले, तेव्हा २०६८ संपेपर्यंत त्यांच्या कथेवर फिल्म करायची तर वारसांची परवानगी हवी. गूढकथाकार रत्नाकर मतकरी २०२० मध्ये गेले, त्यांचा हिशेब आणखी पुढे जातो. पो आणि काफ्का यांच्या मूळ कथा मोकळ्या आहेत. त्यांची नवी भाषांतरं मात्र मोकळी असतीलच असं नाही.

आणि सगळ्यात मोकळी, सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे वेताळ पंचविशी. अकराव्या शतकात सोमदेवानं ती 'कथासरित्सागरा'त घातली. मराठीत ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी आणली. आपण तिला पोरांच्या कोड्यांचं पुस्तक करून टाकलं आहे. जरा नीट बघा. मसणात झाडाला लटकलेलं प्रेत, ते खांद्यावर घेऊन रात्री चालणारा राजा, मानेमागून बोलणारा आवाज, आणि तोंड उघडलं की सगळं पहिल्यापासून. राजाला वेताळाचा चेहरा दिसत नाही, म्हणून तो आपल्यालाही दाखवायची गरज नाही. पाठीवरचं ओझं दाखवलं की झालं. रेतीत ते फार छान दिसतं, कारण राजाची पाठ आणि प्रेत एकाच ढिगातून काढता येतात. पाच-पाच मिनिटांच्या पंचवीस फिल्म तयार पडल्या आहेत आणि मराठीत त्या कुणी मनावर घेत नाही, याचा मला राग येतो.

१९१५ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा अ‍ॅनिमेशनपट केला तेव्हा त्यांच्यापुढे काडेपेटीतल्या काड्या होत्या. तुमच्याकडे फोन आहे, त्यात एक-एक फोटो जोडणारं फुकटचं अ‍ॅप बसतं, आणि थोडं पुढे जायचं असेल तर ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. येत्या थंडीत घरातल्या कुणाकडून तरी भुताची एक गोष्ट सांगवून घ्या आणि मध्ये न बोलता ती रेकॉर्ड करा. काच आणि रेती त्यानंतर शोधा.