टीका आणि हुर्यो

गुलमंडीवरच्या चहाच्या टपरीवर क्रिकेटचा वाद झाला नाही, अशी संध्याकाळ विरळाच. १ एप्रिल २०२४ ला मात्र तो आमच्या घरातच पेटला. वानखेडेवर 'मुंबई इंडियन्स'चा नवा कर्णधार हार्दिक पंड्या याची घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि आमच्या चिरंजीवांनी दिवाणखान्यातून तिला साथ दिली!

"पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहितचं कर्णधारपद काढलं. बोलायचं नाही का, बाबा?"

"जरूर बोल. पण निर्णय व्यवस्थापनाचा, प्रशिक्षक बाउचर. आणि हुर्यो एकट्या हार्दिकची?"

चिरंजीव गप्प झाले नाहीत. गप्प झाले माझे वडील. मग हळूच म्हणाले, "१९७१ ला वाडेकर इंग्लंडात जिंकला, तेव्हा मी पेढे वाटले. १९७४ ला लॉर्ड्सवर ४२ धावांत डाव आटोपला, तेव्हा त्यालाच शिव्या घातल्या. अजून लाज वाटते."

पुढे मुंबई चौदांपैकी चारच सामने जिंकून तळाशी गेली. म्हणजे टीकेला जागा होतीच. पण २९ जूनला विश्वचषकाचे अखेरचे षटक हार्दिकने टाकले, भारत ७ धावांनी जिंकला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष झाला!

मी मराठीचा मास्तर. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, असे वर्गात सांगतो. टीका म्हणजे अर्थ उलगडून दाखवणे. हुर्योत तो कुठला?

चिरंजीव अजूनही तावातावाने बोलतात. आजोबा फक्त विचारतात, "कारण सांग."