कृपादान म्हणजे काय?

श्रोतेहो, कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो पगारवाढीवर किंवा कायद्यावर बोलणार, असे सर्वांनी धरलेले असते. आम्ही या वर्षी ख्रिस्ती धर्मातील 'कृपादान' हा विषय घेतला, तेव्हा युनियनच्या कचेरीत आम्हांला "अण्णा, प्रकृती बरी आहे ना?" असे विचारण्यात आले. आम्ही ख्रिस्ती नाही, आणि शाळा आठवीतच सुटल्यामुळे पंडितही नाही. तथापि संत पौलाने करिंथ शहरातील मंडळीला लिहिलेले पहिले पत्र आम्ही पुष्कळ वेळा वाचले आहे. त्याला कारण घडले. ते ओघाने येईल.

प्रथम शब्द पाहू. ग्रीक भाषेत 'खारिस' म्हणजे कृपा आणि 'खारिस्मा' म्हणजे कृपेने मिळालेली देणगी. मराठी बायबलात यालाच कृपादान म्हटले आहे. कमाई नव्हे, बक्षीस नव्हे. फुकट हाती आलेली गोष्ट. आपल्या वर्तमानपत्रांत पुढाऱ्याचा 'करिष्मा' म्हणून जो शब्द येतो तो हाच. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने तो पुढाऱ्याच्या अद्भुत प्रभावासाठी वापरला आणि तेथून तो राजकारणात आला. गंमत अशी की, पौलाच्या लिखाणात याचा अर्थ जवळजवळ उलट आहे. एकाच्या ठिकाणी तेज आणि बाकीचे पाहत राहणार, ही कल्पनाच त्याला मोडून काढावयाची होती.

करिंथ हे बंदराचे गाव. रोमन सेनेने इ. स. पूर्व १४६ मध्ये ते बेचिराख केले आणि इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्यूलियस सीझरने ते पुन्हा वसविले. वसविले ते मुख्यतः गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी. पश्चिमेला लेखायोन आणि पूर्वेला केंख्रिया अशी दोन बंदरे, मध्ये सहा-सात किलोमीटरची जमिनीची पट्टी. हमाल, कारागीर, गुलाम, दलाल, नवश्रीमंत, सगळे तेथे एकत्र नांदत. पौल तेथे इ. स. ५० च्या सुमारास आला आणि दीड वर्ष राहिला. पोटासाठी तो तंबू करण्याचा धंदा करी, आणि त्याच धंद्यातील अक्विला व प्रिस्किल्ला या नवराबायकोच्या घरी उतरला होता. हाताला घट्टे पडलेला माणूस होता तो, हे पत्र वाचताना विसरू नये.

पौल निघून गेल्यावर मंडळीत तट पडले. एकत्र जेवणाच्या वेळी काही जण पोटभर खाऊन-पिऊन धुंद होत आणि काही उपाशी राहत. हे गाऱ्हाणे पत्रातच आहे. कामावरून सुटून उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला काय उरत असेल, हे आम्हांला कोणी सांगावयास नको. प्रार्थनासभेत तीच तऱ्हा. काही जणांच्या तोंडून आवेशात कोणालाही न कळणारी भाषा बाहेर पडे. तिला 'अन्य भाषा' म्हणत. ज्याला ती येई तो स्वतःला वरच्या पायरीवरचा समजे, आणि बाकीच्यांना वाटे की आपल्यात देवाने काही घातलेच नाही.

याला उत्तर म्हणून पौलाने शरीर आणि अवयव यांची उपमा घेतली. ही उपमा त्याची नव्हे. त्या काळच्या वक्त्यांची ती नेहमीची होती. लिव्हीने रोमच्या इतिहासात सांगितले आहे की, इ. स. पूर्व ४९४ मध्ये कर्जाने गांजलेले सामान्य लोक शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले. संपच म्हणा ना. त्यांची समजूत घालावयास मेनेनियस अग्रिप्पा गेला आणि त्याने गोष्ट सांगितली: हातपायांनी पोटाविरुद्ध बंड केले आणि शेवटी स्वतःच वाळले. तात्पर्य, मुकाट्याने कामावर या. (लोक परतले, पण आपले स्वतंत्र अधिकारी मान्य करून घेऊन परतले. गोष्ट ऐकूनच परतले असे आम्हांला वाटत नाही.)

पौलाने तीच उपमा उलटी फिरविली. दुर्बळ वाटणारे अवयव अधिक जरुरीचे आहेत, ज्यांना आपण कमी लेखतो त्यांनाच अधिक मान दिला पाहिजे, असा त्याचा रोख आहे. वरच्याने खालच्याला गप्प करण्यासाठी वापरलेले हत्यार त्याने वरच्याच्याच अंगावर धरले. हे वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

मग कृपादाने कोणती? ज्ञान, शिकवणे, रोग बरे करणे, ईश्वरी संदेश सांगणे, अन्य भाषा आणि त्यांचा अर्थ सांगणे, अशी नावे येतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सेवा, दानधर्म, दया हीही आहेत. याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, यावरून पौलाला पक्के कोष्टक द्यावयाचे नव्हते हे दिसते. करिंथच्या यादीत दोन शब्द आहेत त्यांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. एक, मदत करणे. दुसरा, कारभार पाहणे. येथे मूळ ग्रीक शब्द सुकाणू धरण्याचा आहे. बंदराच्या गावात तो पोरासोरांनाही ठाऊक असणार. चमत्कार करणाऱ्याच्या पंक्तीला हिशेब आणि व्यवस्था पाहणारा बसविला आहे, आणि अन्य भाषेला त्या यादीत शेवटची जागा आहे. शिवाय या देणग्यांना पौल लगेच 'दियाकोनिया' असेही म्हणतो. हा शब्द पंक्तीत वाढण्याच्या कामालाही वापरला जाई. देणगी कोणती हे ती कोणाच्या पानात पडते यावरून ठरते.

आता आमचे कारण. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही शाखा बांधली. गेटवर धडाडीने बोलणारी चार पोरे मिळाली. आमचे सारे लक्ष त्यांच्याकडे. वर्गणीचे पावतीपुस्तक एका हेल्परकडे होते. आजारी कामगाराच्या घरी जाणे, कोणाचा अर्ज लिहून आणणे, हेही तोच करी. एकदा तो म्हणाला, "अण्णा, भाषण लोकांच्या डोक्यावरून जातं. दाव्याचं काय झालं तेवढं सांगा." आम्ही ते हसण्यावारी नेले. पुढे तो येईनासा झाला आणि आम्ही चौकशीही केली नाही. सहा महिन्यांत वर्गणी आटली. संपाच्या मतदानाला निम्मे लोक फिरकले नाहीत. वक्ते मात्र चौघेही हजर होते! त्याच सुमारास शेजारच्या ख्रिस्ती मास्तरांनी हे पत्र आमच्या हाती ठेवले.

चौदाव्या अध्यायात तर सभेचे नियमच आहेत. अन्य भाषेत दोघांनी, फार तर तिघांनी बोलावे, तेही पाळीपाळीने. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावे. संदेश सांगणाऱ्याचे बोलणे इतरांनी पारखावे, आणि बसलेल्यापैकी कोणाला काही सुचले तर बोलणाऱ्याने थांबावे. हजारो अगम्य शब्दांपेक्षा समजणारे मोजके शब्द पौलाला अधिक मोलाचे वाटतात. लग्नात वाचला जाणारा प्रीतीवरील प्रसिद्ध अध्याय या भांडणाच्या अगदी मध्यावर आहे; तो भांडणाऱ्यांना उद्देशून आहे.

याच अध्यायात स्त्रियांनी सभेत गप्प राहावे असेही येते, आणि तीन अध्याय आधी संदेश सांगणाऱ्या स्त्रिया गृहीत धरलेल्या आहेत. काही जुन्या हस्तलिखितांत गप्प राहण्याच्या ओळी वेगळ्या जागी असल्याने त्या मागून घातल्या असाव्यात, असे काही अभ्यासकांचे मत आहे. आम्हांला ते पटते.

पुढे ही अद्भुत दाने प्रेषितांच्या काळापुरतीच होती असे अनेक चर्चनी मानले. आजही काही मानतात. पेंटेकॉस्टल मंडळींना ते मान्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयक घोषणापत्रात अशी दाने सर्व थरांतील श्रद्धावंतांना मिळतात असे म्हटले.

या इतिहासातला एक धागा आपल्या पुणे जिल्ह्यातून जातो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींत, १९०५ मध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. पुढच्या दोन वर्षांत तेथेही अन्य भाषा ऐकू आल्या. तेथील मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी त्यावर पुस्तिका लिहिली. ती चिलीतील एका जुन्या मैत्रिणीकडे गेली आणि १९०९ मध्ये तेथे उभ्या राहिलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीला तिचा हातभार लागला. रमाबाईंनी स्वतः अन्य भाषा हीच आत्म्याची एकमेव खूण मानली नाही. मुक्तीत प्रार्थना होती तसे विणकाम, शेती आणि छापखानाही होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेले बायबल तेथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून छापले. ते काम १९२४ मध्ये पुरे झाले. रमाबाई १९२२ च्या एप्रिलातच वारल्या होत्या.