घोटलेल्या काँक्रीटची जमीन

गोंदिया जिल्हा हा भातशेतीचा व तलावांचा प्रदेश होय. 1999 सालीं तो भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. येथें पावसाळ्यांत माती ओलीनें भरून जाते, तर मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास चढतो. अशा ठिकाणीं घर बांधणाऱ्या गृहस्थापुढें जमिनीचा प्रश्न उभा राहतो. शेणाचें सारवण शहरांतून मागें पडलें. कोटा फरशी राजस्थानांतून आणि शहाबादी कर्नाटकांतून यावयाची. मग जोत्यावर जें काँक्रीट घालावयाचेंच आहे, तेंच घोटून चकचकीत कां करूं नये? विचार योग्य आहे. परंतु त्याचें यश यंत्रापेक्षां पाण्यावर अधिक अवलंबून आहे.

घोटण्याचे प्रकार दोन. पहिला आपला जुना कोबा. यांत काँक्रीट ओलें असतांनाच वर सिमेंटचें पातळ कालवण पसरून गवंडी तें लोखंडी थापीनें गुळगुळीत करतो. येथें झळाळी वरच्या पातळ थराची असते; तो थर सुटला कीं झळाळीहि गेली. दुसऱ्या प्रकारांत काँक्रीट पुरतें घट्ट झाल्यावर, बहुधा 28 दिवसांनीं, हिऱ्याचे कण बसविलेल्या चकत्यांनीं तें यंत्रावर घासतात. प्रथम जाड, मग क्रमानें बारीक. मध्यंतरीं सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचें द्रावण मुरवितात. काँक्रीटमधील उरलेल्या चुन्याशीं त्याचा संयोग होऊन सूक्ष्म छिद्रें भरतात. ही झळाळी लेपाची नव्हे, अंगची असते.

सिमेंट वाळून घट्ट होतें, हा समज चुकीचा आहे. पाण्याशीं संयोग पावूनच तें घट्ट होतें. म्हणून कालवतांना पाणी बेताचें आणि घातल्यावर भरपूर, हा नियम पाळावा. कारागीर सोईसाठीं कालवणांत जादा पाणी ओततात. त्यानें जमीन कमजोर होते व पुढें धूळ सोडते. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस भिजत ठेवावें. तिरोड्याच्या 3300 मेगावॉट वीजकेंद्रांत कोळशाची जी राख निघते, तशी राख आज पुष्कळ सिमेंटांत मिसळलेली असते. अशा सिमेंटास, आणि उन्हाळ्यांत कोणत्याहि सिमेंटास, 10 दिवस तरी द्यावे. मातीचे लहान बांध घालून पाणी साठवावें किंवा ओलीं गोणपाटें पसरावीं.

घोटल्यानें खालची ओल थांबत नाहीं. ती वर येऊन लोणा फुटतो. यासाठीं काँक्रीटखालीं दगडांचा भराव, वाळू व जाड प्लॅस्टिकचा कागद हवा. काँक्रीट आकसतें, म्हणून आरंभींच सांधे ठेवावे, नाहीं तर तें आपल्या मर्जीनें तडकतें. चिंच व लिंबू यांचें आम्ल चुन्याला खातें. स्वयंपाकघरांत सांडलेलें तत्काळ पुसावें. न्हाणीघरांत मात्र जमीन खरबरीतच बरी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोरडें घासतांना उडणाऱ्या धुळींत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. घासाई पाणी सोडून किंवा धूळ ओढणारें यंत्र जोडून करावी, आणि मजुरास योग्य मुखपट्टी द्यावी, ही अट घरधन्यानें काम ठरवितांनाच घालावी. घराची झळाळी मजुराच्या श्वासाच्या मोलानें विकत घेणें कोणत्याहि गृहस्थास शोभत नाहीं.