कौटुंबिक घराच्या विक्रीवर खोल्यांच्या आकारमानाचा होणारा परिणाम : दापोडीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
घराची किंमत ठरविताना एकूण क्षेत्रफळ हाच प्रमुख निकष मानला जातो. मुद्रांक शुल्कासाठी वापरला जाणारा वार्षिक मूल्यदर तक्ताही प्रति चौरस मीटर दरावर आधारलेला असतो. क्षेत्राची विभागणी खोल्यांत कशी झाली आहे, याची दखल तो घेत नाही. प्रत्यक्ष ग्राहक मात्र घर पाहताना खोल्याच पाहतो. या दोन दृष्टींतील अंतर विक्रेत्या कुटुंबास कोठे जाणवते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दापोडीची पार्श्वभूमी :
मुळा व पवना या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले दापोडी पुणे-मुंबई महामार्ग व लोहमार्ग यांच्या सान्निध्यामुळे कामगारवस्ती म्हणून वाढले. राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा येथेच आहे. खडकीचे संरक्षण उत्पादन कारखाने व पिंपरीची औद्योगिक वसाहतही जवळच आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोचीही सोय झाली. अशा परिसरात नोकरदाराने आयुष्यभराच्या बचतीतून बांधलेले घर हेच बहुधा कुटुंबाचे एकमेव मोठे भांडवल असते. त्याच्या विक्रीतून मुलांचे शिक्षण, वृद्धांचा औषधोपचार व भावंडांचे हिस्से भागवावयाचे असतात.

गुंठ्याचे गणित :
एक गुंठा म्हणजे १०८९ चौ. फूट, अर्थात ३३ × ३३ फूट. अर्ध्या गुंठ्याचा भूखंड साडेसोळा फूट रुंद व ३३ फूट लांब धरू. दोन्ही बाजूंच्या नऊ इंची भिंती वजा जाता आत १५ फूट रुंदी उरते. कुटुंब वाढले की मध्ये साडेचार इंची भिंत घालून शेजारी-शेजारी दोन खोल्या केल्या जातात. प्रत्येकीची रुंदी सुमारे सव्वासात फूट होते. अशी १४ फूट लांबीची खोली क्षेत्रफळाने १० × १० फुटांच्या खोलीएवढीच असते. तथापि ६ फूट रुंदीचा पलंग ठेवल्यावर पहिलीत सव्वा फूट, तर दुसरीत ४ फूट वाट उरते. कपाटाचे दार उघडण्यास जागा कोठे आहे, हे ग्राहकास दारातूनच कळते. तात्पर्य, क्षेत्रफळापेक्षा रुंदी निर्णायक ठरते.

राष्ट्रीय इमारत संहितेतही रुंदीचा स्वतंत्र विचार आढळतो. निवासाची एकच खोली असल्यास तिचे क्षेत्र किमान ९.५ चौ. मी. व रुंदी २.४ मी. असावी, दोन खोल्या असल्यास एक ९.५ व दुसरी ७.५ चौ. मी. आणि रुंदी किमान २.१ मी. असावी, असे ती सांगते. वरील सव्वासात फुटी खोली म्हणजे सुमारे २.२ मी. रुंदीची, ती दुसरी खोली म्हणूनच शोभते.

ग्राहकानुसार बदलणारे मूल्य :
लहान खोल्या सर्वत्र नुकसानकारक ठरतात, असे मात्र नव्हे. स्वतः राहू इच्छिणाऱ्या कुटुंबास एक प्रशस्त बैठकीची खोली व भांडी मांडता येतील असे स्वयंपाकघर हवे असते. भाड्याच्या उत्पन्नासाठी घर घेणाऱ्यास स्वतंत्र दार व स्वच्छतागृह असलेल्या अधिक खोल्या सोयीच्या वाटतात. म्हणून भावाभावांसाठी घातलेल्या भिंती व दोन स्वयंपाकघरे हा एकास दोष, तर दुसऱ्यास गुण वाटू शकतो.

विक्रेत्याने घ्यावयाची दक्षता :
विक्रीपूर्वी भिंत पाडून खोली मोठी करण्याचा मोह होतो. परंतु जुन्या विटांच्या बांधकामात तीच भिंत छताचा भार पेलत असू शकते. संरचना अभियंत्याचा सल्ला व आवश्यक ती परवानगी घेतल्याविना तिला हात लावू नये. अनेकदा अवजड सामान हलविणे व झाकलेली खिडकी मोकळी करणे एवढ्यानेही खोलीची खरी रुंदी दिसू लागते. याउलट, अरुंद साठवणीच्या जागेस शयनगृह म्हणून संख्या फुगविल्यास पहिल्या भेटीतच विश्वास उडतो व पुढील घासाघीस त्या अविश्वासातूनच होते.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली. त्यात अंतर्गत भिंतींखालील जागा धरली जाते. बाह्य भिंती व स्वतंत्र बाल्कनी वगळल्या जातात. म्हणजेच भिंतींची संख्या वाढली तरी चटई क्षेत्र तेच राहते, वापराची जागा मात्र घटते. यास्तव प्रत्येक खोलीची आतील लांबी-रुंदी दर्शविणारा साधा आराखडा ग्राहकास द्यावा.

निष्कर्ष :
जागेची कागदपत्रे, रस्त्याची रुंदी व नदीची पूररेषा यांचे महत्त्व खोल्यांपेक्षा निश्चितच अधिक आहे. मात्र या बाबी समान असलेल्या दोन घरांत, जेथे प्रत्येक खोली आपले काम नीट पार पाडू शकते, त्या घरास ग्राहक लवकर मिळण्याची शक्यता अधिक. विक्रेत्याने ‘किती खोल्या’ या प्रश्नापूर्वी ‘खोलीत काय मावते’ या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवणे हितावह होय.